खडूचं जहाज

आप्पांनी कारखान्याच्या किल्ल्या थोरल्या मुलाच्या हातात ठेवल्या त्याला महिना होत आला, आणि त्या महिन्यात त्यांनी घरातली एकूण एक खुर्ची उलटी करून पाहिली होती. मग शेजाऱ्यांच्या खुर्च्यांची पाळी आली. जन्मभर सोफे आणि गाद्या केलेला माणूस. त्याला स्वस्थ बसा म्हटलं तर तो आधी बसायची जागाच उसवून बघणार. "यांना कुठेतरी लांब न्या, नाहीतर मला न्या," असं माईंनी जाहीर केलं, आणि त्यावरून समुद्रपर्यटनाचं निघालं.

काढलं धाकट्या मुलाने. तो विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरात पाऊल टाकलं की पंखा कितीवर ठेवायचा इथपासून त्याचे हुकूम सुटायचे, म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. आता नावाला साजेसं कामही मिळालं. म्हाताऱ्यांपासून त्याच्या जुळ्या मुलांपर्यंत सगळ्या घराने आठवडाभर मोठ्या जहाजावर जायचं, असं त्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा थोरली सून वाढत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"भाऊजी, जहाजावर स्वयंपाक कोण करतं?"

"त्यांचे आचारी असतात की, वहिनी. फौज असते फौज. आपण नुसतं टेबलाशी जाऊन बसायचं."

"आणि भांडी?"

"भांडी?" कॅप्टनने हा विचार आयुष्यात पहिल्यांदाच केला असावा. "भांडी पण तेच घासत असणार."

थोरली पुन्हा वाढू लागली. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात सोफ्याच्या खोळी शिवताना ती मशीनवर गुणगुणत होती. हे इतकं नवीन होतं की तिच्या नवऱ्याने हातातली हातोडी खाली ठेवून विचारलं, "बरं वाटतंय ना गं तुला?"

फार बरं वाटत होतं. घराच्या आजवरच्या सुट्ट्या ज्यांना आठवत असतील त्यांना हे सांगायला नको. डोंगरावरच्या बंगल्यात बाकीचे सूर्योदय बघायला गेले, तेव्हा नाश्ता बनवता बनवता तिने तो खिडकीतून पाहिला, तोही शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे. समुद्रकाठच्या घरात तिच्या वाट्याला वाळू आली ती सगळ्यांच्या पायांना लागून ओट्यापर्यंत आली तेवढीच. धाकटी जाऊ दातांची डॉक्टर. दर सुट्टीत ती "वहिनी, सॅलड माझ्याकडे हं" म्हणायची, आणि एक काकडी अशी काही निगुतीने कापायची की तोवर उरलेला सगळा स्वयंपाक होऊन जायचा. वाईट कुणीच नव्हतं. सगळे बोटं चाटून जेवायचे, उठताना तोंड भरून कौतुक करायचे, आणि गोम तिथेच होती. कौतुक करणाऱ्यांवर चिडायचं तरी कसं? तिला एक आठवडा हवा होता, बस्स. 'आज काय करायचं' हा प्रश्न ज्यात कुणी तिला विचारणार नाही असा एक आठवडा. मागणं इतकं लहान होतं की तोंडाने मागायची तिला लाज वाटे. जहाजाने ते न मागता दिलं म्हणून ती गुणगुणत होती.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शनिवारी कॅप्टनच्या ऑफिसात कुणीतरी त्याच्या डोक्यात हाऊसबोट भरवली. समुद्र कशाला, नदीतून जा. हजार परक्या माणसांत कशाला, अख्खी बोट आपलीच. चार खोल्या, वर गच्ची, बोट चालवायला त्यांचा माणूस. "आणि सुसज्ज स्वयंपाकघर!" असं त्याने फोन करकरून सगळ्यांना कळवलं. "माईला घरचं जेवण मिळेल. काय?" खर्च दोन्हीकडे सारखाच होता. पैशाचं अडत नव्हतं, त्यामुळे भांडायला सगळे मोकळे होते.

"आखल्याशिवाय काही ठरवायचं नाही," आप्पा म्हणाले, आणि रविवारी सकाळी सगळं घर बंद कारखान्यात जमलं.

आखण्याचा नियम आप्पांचा, कारखान्याइतकाच जुना. सोफा असो की पलंग, लाकडाला करवत लागण्याआधी तो जमिनीवर खडूने पुऱ्या मापात काढायचा, आणि जो वापरणार त्याने त्यात बसून बघायचं. ज्याचं त्यानेच. नवऱ्याच्या खुर्चीसाठी बायको बसलेली चालत नसे. एका न्यायाधीशांना आप्पांनी काळ्या कोटासकट फरशीवर बसवलं होतं. न्यायाधीश कुरकुरत बसले, आणि उठताना खुर्चीचे हात दोन बोटं वर घ्या म्हणाले. तेव्हापासून नियमाला कायद्याचं वजन आलं. किल्ल्या दिल्या, बँकेतली सही दिली, पण तो चपटा निळा खडू आप्पांनी कुणाला दिला नव्हता. तो अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे, आणि धुण्यात सगळ्यांचे कपडे निळे करत असे.

दारातून आत येतानाच कॅप्टनने भावाला कोपराने ढोसलं. "दादा, मापं तू घे. आप्पांचं मागे त्या खुर्चीचं काय झालं, माहितेय ना."

तो समजत होता हळू बोलतोय. आप्पांना ऐकू उत्तम येत होतं. त्या एका खुर्चीचा पाय तोकडा निघाला आणि गिऱ्हाईक ती परत घेऊन आलं, तिथूनच तर किल्ल्यांचं प्रकरण सुरू झालं होतं. आप्पांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. शेजारी उभ्या थोरलीला त्यांची मान ताठ झालेली दिसली.

फोमची भेंडोळी भिंतीशी गेली, मशीनवर कापड पडलं. थोरलीची कॉलेजातली लेक फोनवर जहाजाच्या खोल्यांची मापं वाचू लागली आणि आप्पा गुडघ्यांवर बसून टेप ओढू लागले. भिंत. पलंग. कपाट. न्हाणीघर. खिडकी, आणि खिडकीबाहेर जुळ्यांच्या आग्रहास्तव दोन लाटा. एक खोली झाली, तिला लागून दुसरी, मग तिसरी. आप्पांच्या कपाळावर घाम आणि तोंडावर महिन्याभरात न दिसलेलं तेज होतं.

"चला, या राहायला," ते म्हणाले.

माई काठी टेकत दारातून आत गेल्या, पलंगाच्या कडेने दोन पावलं चालल्या आणि अडकल्या. पलंग आणि भिंत यांच्यात जेमतेम फूटभर वाट. एक पाय रेघेवर, काठी पलंगावर.

"हे काय? मी काय खेकडा आहे आडवी चालायला?"

"पलीकडून ये ना, माई."

"पलीकडे भिंत आहे, बाळा. तुझ्या वडिलांनीच काढलीय."

दुसऱ्या खोलीत कॅप्टन पलंगावर उताणा पडून पाहत होता आणि त्याची बायको त्याच्या डोक्याशी उभी राहून सुटकेस कुठे ठेवायची याचा विचार करत होती. "सुटकेस आत ठेवली तर मी बाहेर," ती म्हणाली, "आणि मी आत आले तर तू बाहेर." कालपर्यंत ही बाई जहाजावरच्या मालिशवाल्यांचं गुणगान गात होती. आता ती नवऱ्याच्या बाजूला गेली. थोरलीचा नवरा कालपर्यंत कुंपणावर होता. आईला वळता येत नाही हे पाहून तोही उतरला. जहाजाच्या बाजूने उरली लेक, आणि जुळी. जुळ्यांना मत नव्हतं आणि लेकीला होतं, पण तिला वाटतंय ते पोहण्याच्या तलावासाठी, असं म्हणून कॅप्टनने ते बाद केलं.

थोरली मशीनच्या स्टुलावर बसून पलंगाची रेघ बघत होती. रेघेत काहीतरी चुकत होतं. काय ते आधी तिच्या हातांना कळलं. ही रेघ बरोबर तिथे होती जिथे तिच्या खोळीची शिवण येते. आप्पांनी गादी धरली होती! कारखान्यात सोफ्याची आतली जागा आखायची तर बाजूच्या फळ्यांना गादी बसणार म्हणून प्रत्येक बाजूने चार बोटं कमी, आणि ज्याच्यावर गादी चढणार त्याला प्रत्येक बाजूने चार बोटं जास्त. जन्मभराच्या सवयीने आप्पांनी जहाजाच्या पत्र्यालाही गादी लावून टाकली होती. खोली आक्रसली, पलंग फुगला, आणि दोन फुटांची वाट फुटावर आली.

तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. आप्पा टेप गुंडाळत खाली मान घालून उभे होते. आता बोलली तर जहाज तिचं होतं. पण कॅप्टन म्हणणार, बघा, मी सांगितलं होतं. किल्ल्या गेल्या त्याला महिना झाला नाही, तोवर मापही गेलं. आणि ते सुनेने सगळ्यांसमोर काढून घेतलं. हे तिच्याने होईना.

"तर मग ठरलं," कॅप्टन उठून पँट झटकत म्हणाला. "हाऊसबोट. करा हात वर."

हात वर झाले. माईंचा अर्धाच झाला, पण कॅप्टनने तो पुरा धरला.

"वहिनी, तुमचा हात धरलाच मी. माईच्या पथ्याचं सामान तेवढं इथूनच घ्या हं, तिथे मिळेल न मिळेल."

"आणि वहिनी," जाऊ गोड हसून म्हणाली, "सॅलड माझ्याकडे."

त्या काकडीने घात केला. थोरली स्टुलावरून उठली ती स्वतःलाच नवल वाटेल इतक्या ताडकन.

"आप्पा, हाऊसबोट आखली नाही."

"तिचं काय आखायचं?" कॅप्टन म्हणाला. "ऐसपैस आहे म्हणून तर घेतोय."

"आखल्याशिवाय ठरवायचं नाही ना?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "बरोबर बोलतेय ती," ते म्हणाले आणि वाकू गेले, पण गुडघ्याने नाही म्हटलं. ते क्षणभर तसेच टेबल धरून राहिले. मग खिशात हात घातला आणि निळा खडू तिच्यापुढे धरला. नवऱ्याच्या भुवया वर गेल्या. त्याला किल्ल्या मिळाल्या होत्या, पण खडूला त्याने अजून बोट लावलं नव्हतं.

"आजची गरज," आप्पा म्हणाले. "परत दे."

लेक मापं वाचत गेली आणि थोरली आखत गेली. तिचा हात भराभर चालत होता. गच्ची काढली. कॅप्टन लगेच फोमचा तुकडा घेऊन तिच्यावर पसरला आणि त्याने पायावर पाय टाकला. खोल्या काढल्या. जाऊ एकीत शिरली, हात पसरून गोल फिरली आणि म्हणाली, "अहाहा." जुळी बोटीच्या टोकाशी. नवरा कडेला पाय सोडून बसला आणि हातात नसलेल्या गळाने मासे धरू लागला. सगळं घर खूश होतं.

"आता स्वयंपाकघर," थोरली म्हणाली. "वाच गं."

लेकीने वाचलं आणि ती थांबली. "आई, हे जिन्याखाली आहे."

"असू दे. वाच."

लहानसा चौकोन झाला. शेगडी, मोरी, फ्रिजचं दार उघडेल तेवढी जागा. खिडकी कुठे आहे ते लेकीने फोन आडवा-उभा करून शोधलं. नव्हती. थोरलीने खडू मुठीत धरला, पदर खोचला आणि चौकोनात जाऊन उभी राहिली. दोन्ही कोपरं रेघांना टेकली.

"जो वापरणार त्याने बघायचं ना," ती म्हणाली. "मी इथे."

गच्चीवर कॅप्टनने पायावरचा पाय खाली घेतला.

"वहिनी, पण दिवसभर थोडंच..."

"सकाळचा चहा, भाऊजी. मग नाश्ता. जुळ्यांचं वेगळं, माईंचं पथ्याचं वेगळं. ते आवरेतो जेवण. ते आवरेतो परत चहा, आणि मग रात्रीचं. बोट चालेल तेव्हा मी इथे, थांबेल तेव्हाही इथे. तुम्ही वरून हाक माराल, वहिनी, लवकर या, बघा काय सुंदर आहे! मी म्हणेन, आले. हात पुसून वर येईपर्यंत ते मागे गेलेलं असेल." तिने पदर पुन्हा खोचला. "मी रुसले नाही कुणावर. मला करायला आवडतं, तुम्ही आवडीने खाता तेही आवडतं. पण एक आठवडा, फक्त एक आठवडा, आज काय करायचं हे मला कुणी विचारू नये, एवढंच मला हवंय. इतकी वर्षं मागायची लाज वाटली. झालं. मागितलं."

"मी असते ना मदतीला," जाऊ पुटपुटली.

"ये की. ये आत."

जाऊ आत आली, म्हणजे येऊ पाहिलं. तिचा एक पाय शेगडीवर पडला आणि दुसरा मोरीत. जुळी खिदळली. जाऊ मात्र हसली नाही. मोरीत उभी राहून ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. "वहिनी," ती म्हणाली, "माझी काकडी... मला कधी..."

"जाऊ दे गं."

"मग असं करू," कॅप्टन उठून बसला. "आळीपाळीने करू. रोज एक जण."

काठी फरशीवर आपटली. माई होत्या.

"आळीपाळीने म्हणे! तुझ्याच्याने दूध तापवून होत नाही, तू आळीपाळी करणार. उंटावरचा शहाणा." त्या जहाजातून निघाल्या आणि हाऊसबोटीच्या भिंती ओलांडत सरळ चौकोनाशी आल्या. "ही यायच्या आधी इथे मी होते. मला कुणी आखून दाखवलं नाही, आणि मी कुणाला. ही आली तशी मी हळूच बाहेर पडले आणि हिला आत सरकवली. मनात म्हटलं, सुटले बाई!" त्यांनी थोरलीचं मनगट धरलं. "मला कळत होतं गं. रोज कळत होतं. पण पानावर गरम गरम आलं की विसरायला होतं."

थोरलीचे डोळे भरून आले. माईंनी तिला बाहेर ओढलं आणि चपलेच्या टोकाने ते स्वयंपाकघर पुसायला सुरुवात केली. आधी शेगडी, मग मोरी. फ्रिज पुसताना तोल गेला, तेव्हा जाऊने त्यांना धरलं आणि उरलेलं आपल्या पायाने पुसलं.

"घरचं जेवण नाही मिळालं म्हणून मी मरत नाही," माई म्हणाल्या. "सूप पिईन. जहाज!"

"अगं पण तुला तिथे वळता येत नाही!" कॅप्टन कळवळून म्हणाला.

एवढ्यात आप्पा हसले. ते इतका वेळ जहाजाच्या पलंगाकडे एकटक बघत होते. आता टेबल धरून खो खो हसू लागले.

"गादी धरली मी," ते म्हणाले. "अरे, जहाजाच्या भिंतीला गादी धरली! चार बोटं आत आणि चार बोटं बाहेर!"

कॅप्टनने तोंड उघडलं. त्याच्या बायकोने त्याच्या पायावर पाय दिला. मोरीतून नुकतीच आलेली ती बाई आता भलतीच धीट झाली होती.

हसू ओसरल्यावर आप्पा थोरलीकडे वळले. "तुला दिसलं होतं?"

"हो."

"केव्हा?"

"माई खेकडा म्हणाल्या तेव्हा."

"मग बोलली का नाहीस? तिथेच जिंकली असतीस."

थोरलीने मूठ उघडली. खडू घामाने ओला झाला होता. "माप तुमचं होतं, आप्पा," ती म्हणाली आणि तो त्यांच्यापुढे धरला.

आप्पांनी तो घेतला नाही. त्यांनी तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवली. "राहू दे तुझ्याकडे. मला गादी दिसते सगळीकडे. आता खोल्या नीट आख, आणि तुझी तू आधी निवड. ही निवडल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही रे जहाजावर!"

तिने ओल्या फडक्याने रेघा पुसल्या आणि पुन्हा काढल्या. माई वाटेतून सरळ चालत गेल्या आणि सरळ परत आल्या. पटेना म्हणून पुन्हा एकदा गेल्या. मग थोरलीने आपली खोली दाखवली, टोकाची, लाटांकडच्या मोठ्या खिडकीची.

"बघितल्याशिवाय नाही," आप्पा म्हणाले. "नियम."

लेकीने फोमचा तुकडा आणून पलंगाच्या रेघांत टाकला आणि थोरली त्यावर आडवी झाली. तिने जरा मापापुरते डोळे मिटले. फरशी गार होती, गोंदाचा आणि नव्या कापडाचा वास येत होता. कारखान्याच्या कोपऱ्यातल्या चहाच्या शेगडीशी नवऱ्याची खुडबूड ऐकू आली.

"पाणी आधी की पूड?" तो कुजबुजत होता.

"पाणी असावं," कॅप्टन म्हणाला. "किती माणसं आपण? आणि साखर कुठे असते?"

डबे उघडल्याचे आवाज आले. एकात खिळे निघाले, एकात दोरे. काहीतरी खाली सांडलं आणि जुळी पळाली. साखर बटणांच्या डब्यात होती. मुंग्या लागतात म्हणून थोरलीनेच ती तिथे ठेवली होती.

"तिला विचारू का?" नवरा म्हणाला.

"खबरदार," माई म्हणाल्या.

थोरलीने समुद्राकडे कूस वळवली.